चाल कोणाची?

‘बायका गातात उत्तम, पण संगीत रचत नाहीत.’ हे वाक्य मी आजवर इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे, की आता ते ऐकताना समोरचा माणूस कोण आहे याकडेही माझे लक्ष जात नाही. गेल्या वर्षी मात्र ते छापील पत्राच्या उत्तरात आले, म्हणून त्याचा समाचार घेणे भाग आहे.

झाले असे, की आमच्या भागातल्या एका संगीत संस्थेने ‘युगप्रवर्तक संगीतकार’ अशी व्याख्यानमाला ठेवली होती. पहिले पुष्प पाश्चात्त्य संगीतातल्या रोमँटिक काळावर होते – शूबर्ट, शोपँ, शूमान, ब्राम्स. पुढची आपल्याकडच्या रचनाकारांवर. पत्रिकेत एकूण अकरा नावे, अकराही पुरुषांची. स्वागतगीत म्हणायला मुली, समईजवळ उभ्या राहायला मुली, पुष्पगुच्छ द्यायलाही मुलीच. मी गेली वीसेक वर्षे मुलींना गाणे शिकवते, अमरावती-अकोल्याच्या महिला गटांची गाणी बसवून देते. म्हणून पत्र लिहून विचारले की बायका कुठे आहेत? उत्तर आले की ताई, बायकांच्या गळ्याबद्दल आम्हाला आदरच आहे. पण रचना करणाऱ्या स्त्रिया झाल्याच नाहीत, त्याला आम्ही काय करणार?

‘झाल्याच नाहीत’ या शब्दांवर माझे भांडण आहे. आयोजकांनी रोमँटिक काळापासून सुरुवात केली, तर मीही तिथूनच करते.

साधारणपणे एकोणिसावे शतक म्हणजे युरोपातल्या संगीताचा रोमँटिक काळ. या काळात संगीताचे दोन थर पडले. एक मोठ्या रचनांचा – सिंफनी, ऑपेरा, कंचेर्तो. त्या मोठ्या सभागृहात, मोठ्या वाद्यवृंदाने, तिकीट लावून व्हायच्या. दुसरा लहान रचनांचा – जर्मन भाषेतले ‘लीड’, म्हणजे कवितेला पियानोच्या साथीने दिलेली चाल. नॉक्टर्न, माझुर्का, ‘शब्दांविना गीते’ अशा पियानोवरच्या छोट्या चिजा. या लहान रचना दिवाणखान्यात वाजायच्या, आणि दिवाणखान्यातल्या पियानोवर बहुतेक वेळा घरातली मुलगी किंवा सून बसलेली असायची. चांगल्या घरच्या मुलीला पियानो आला पाहिजे, जसे आपल्याकडे दाखवण्याच्या कार्यक्रमात पेटीवर एखादे पद म्हणता आले पाहिजे असे असायचे. पण त्यापुढे जायचे नाही.

फॅनी मेंडेल्सोन पुढे जाऊ पाहत होती. तिचा जन्म १८०५ चा, धाकटा भाऊ फेलिक्स १८०९ चा. दोघेही एकाच घरात, एकाच गुरूंकडे शिकले. १८२० साली, ती चौदा वर्षांची असताना, वडिलांनी तिला पत्रातून समजावले की संगीत हा फेलिक्सचा कदाचित व्यवसाय होईल, तुझ्यासाठी मात्र तो केवळ अलंकार असला पाहिजे. मग काय झाले? तिने रचायचे थांबवले नाही. आयुष्यात साडेचारशेच्या वर रचना केल्या. त्यातली सहा गीते फेलिक्सच्या दोन संग्रहांत फेलिक्सच्या नावावर छापली गेली. १८४२ मध्ये इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाने त्याच्यासमोर तिचे आवडते गीत म्हणून दाखवले, तेव्हा त्याला कबूल करावे लागले की हे माझे नव्हे, माझ्या बहिणीचे आहे. फॅनीने स्वतःच्या नावाने पहिला संग्रह छापला तो १८४६ मध्ये, वयाच्या चाळिशीत. पुढच्याच वर्षी ती वारली.

यावर कोणी म्हणेल, तो काळच तसा होता. बरे. फॅनीने १८२८ मध्ये लिहिलेल्या ‘ईस्टर सोनाटा’चे हस्तलिखित १९७० मध्ये पॅरिसला सापडले. वर ‘एफ. मेंडेल्सोन’ अशी सही. विसाव्या शतकातल्या विद्वानांनी तो ‘एफ’ फेलिक्सचाच धरला आणि ध्वनिमुद्रिकाही त्याच्या नावाने निघाली. तो फॅनीचा आहे हे एका स्त्री संशोधकाने २०१० मध्ये पुराव्यानिशी दाखवले. ८ मार्च २०१७ रोजी लंडनमध्ये तो तिच्या नावाने वाजवला गेला. म्हणजे १९७० साली कोणताच वडील आडवा आला नव्हता. आडवी आली ती ‘बायका रचत नाहीत’ ही समजूत.

क्लारा शूमान लहानपणापासून युरोपभर गाजलेली पियानोवादक होती. वडिलांचा विरोध मोडून, कोर्टात जाऊन तिने १८४० मध्ये रॉबर्ट शूमानशी लग्न केले. प्रेमविवाहच होता. पण रॉबर्ट रचना करायला बसला की घरात आवाज चालत नसे, म्हणून तिचा रियाज बंद. आठ बाळंतपणे झाली. नवरा मनाने आजारी पडला, १८५६ मध्ये गेला, आणि मग घर चालवायला ती पुढची कितीतरी वर्षे गावोगाव कार्यक्रम करत हिंडली. रचना करणे जवळजवळ थांबले. वयाच्या विसाव्या वर्षीच तिने डायरीत लिहून ठेवले होते की बाईने रचनेची इच्छा धरू नये; कोणालाच जमले नाही, मलाच कसे जमेल? पूर्वी कोणी झाली नाही असे सांगायचे, म्हणजे आजची होत नाही. आणि आजची झाली नाही, की उद्याच्या मुलीला पुन्हा तेच सांगायला मोकळे.

ज्या भांडल्या त्यांचेही नाव घेऊ. लुईझ फारांक पॅरिसच्या सरकारी संगीत विद्यालयात १८४२ पासून तीसेक वर्षे पियानोची प्राध्यापक होती. पुरुष प्राध्यापकांपेक्षा पगार कमी. १८५० मध्ये तिची नऊ वाद्यांची रचना गाजली, तेव्हा तिने समान पगार मागितला आणि मिळवला. समान कामाला समान दाम ही मागणी कापसाच्या शेतातल्या निंदणीपासून संगीत विद्यालयापर्यंत एकच आहे. आणि मोठ्या रचना ज्या वाद्यवृंदांत वाजतात, त्यांची दारे? व्हिएन्नाच्या नामांकित फिलहार्मोनिकने स्त्रीला पूर्ण सभासद करून घेतले ते १९९७ साली! वाद्यवृंदात बसूच द्यायचे नाही आणि वर विचारायचे, तुमच्यात सिंफनी लिहिणारी का नाही?

मैत्रिणींनो, रोमँटिक काळाने आपल्या गळ्यात आणखी एक गोष्ट मारली आहे. याच काळात ‘संगीतकार म्हणजे एकटा, झपाटलेला, दैवी प्रतिभेचा पुरुष’ ही मूर्ती घडली. आणि त्याच काळात, त्याच लोकांनी ‘लोकगीत’ नावाची पेटी तयार केली. खेड्यापाड्यांतली गाणी गोळा करायची, त्यांवर ‘लोकांची’ अशी चिठ्ठी लावायची आणि गाणारीचे नाव लिहायचे नाही. एका बाजूला नाववाला प्रतिभावंत, दुसऱ्या बाजूला बिननावाची परंपरा. या वाटणीत बाई कुठल्या बाजूला गेली हे सांगायला नको.

ब्राम्सचीच अंगाई घ्या. १८६८ सालची ही रचना आज जगभर बाळांच्या खेळण्यांतसुद्धा वाजते. तिचे पहिले कडवे लोकगीतांच्या संग्रहातले. ती ज्या बेर्था फाबर या मैत्रिणीच्या बाळासाठी केली, तिने पूर्वी ब्राम्सला म्हणून दाखवलेल्या एका गाण्याचे सूर त्याने साथीत गुंफले आहेत. रचना सुंदर आहे, मी मुलींना ती मुद्दाम ऐकवते. पण बघा: ज्याने लग्न केले नाही, ज्याच्या घरी पाळणा हलला नाही, त्याची अंगाई ‘रचना’. आणि आमच्या मोर्शी-वरूडकडे, आकोट-तेल्हाऱ्याकडे बाळंतिणीच्या खोलीत आजीने जागच्या जागी बाळाचे नाव गुंफून म्हटलेला पाळणा म्हणजे ‘पारंपरिक’. ही वाटणी संगीताच्या गुणावरून झालेली नाही.

आता आपल्या वऱ्हाडात या. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि कोजागिरीपर्यंत पोरी घरोघर गाणी म्हणत हिंडतात, टाळ्यांवर, टिपऱ्यांवर. शेवटी खिरापत ओळखायची. ही गाणी नीट ऐका. काही साखळीची असतात: एकच ओळ परत परत येते, तिच्यात नाते तेवढे बदलते, सासू, सासरा, दीर, जाऊ, नणंद, आणि शेवटी चाल अचानक मोडून गंमत होते. काही सवाल-जवाबाची असतात. जात्यावरच्या ओवीचे अंग वेगळे: दळणाच्या फेऱ्यावर श्वास टाकायचा, ओळ कुठे लांबवायची आणि कुठे तोडायची हे दोन्ही हातांच्या ओढीवर ठरते. हळदीच्या गाण्याची चाल सावकाश, कारण हळद लागायला वेळ लागतो. हे सगळे रचनाप्रकार आहेत. नॉक्टर्नला आणि माझुर्काला रचनाप्रकार म्हणायचे तर यांनाही तोच शब्द लावला पाहिजे. माझुर्का तरी काय, पोलंडच्या खेड्यांतला नाच. शोपँने तो पियानोवर आणला आणि तो ‘प्रकार’ झाला.

मी एका आजींना विचारले होते की ही चाल तुम्ही केली का? त्या म्हणाल्या, “चाल का कोनाच्या बापाची असते का वो माय? दयता दयता येते.” आजींचे उत्तर मला पटते. चाल कोणाच्या बापाची नसते. पण मग ती त्या अकरा जणांच्या बापाचीही नसायला हवी.

आपल्या संगीतात परंपरा टिकते ती घराण्याने. घराणे म्हणजे घर. बाप शिकवतो, मुलगा शिकतो, भाऊ, पुतण्या, शिष्य सगळे त्या नावाखाली येतात. बाईला घर कुठले? ती दर्यापूरला चाल शिकते, लग्न होऊन मूर्तिजापूरला जाते. तिची बहीण बाळापूरला, मैत्रीण चांदूर बाजारला. चाल त्यांच्याबरोबर जाते, सासरच्या चालीत मिसळते, बदलते. चाल बदलणे हीच रचना. पण आडनाव बदलले, गाव बदलले, काही घरांत तर पहिले नावही बदलले. मग चालीचा माग कोण ठेवणार? नाव पुसले जाते ते लग्नाच्या रिवाजामुळे, आणि आपले संगीताचे इतिहासकार त्याला ‘अनामिक लोकप्रतिभा’ असे गोड नाव देतात.

ज्यांचे नाव राहिले त्यांचे काय झाले तेही पाहू. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये वारल्या. त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली १९५२ मध्ये, मुलाने, सोपानदेवांनी पुढाकार घेतला म्हणून. लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाई ती गाणी म्हणत होत्या, म्हणजे त्यांना चाली होत्या. आज आपल्या कानात कोणत्या चाली आहेत? १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटातल्या वसंत पवारांच्या, आणि पुढे इतर संगीतकारांनी दिलेल्या. त्या चाली चांगल्याच आहेत. पण बहिणाबाई कवयित्री म्हणून मान्य झाल्या आणि संगीतकार म्हणून कोणी त्यांचा विचारही केला नाही. शब्द जपले, चाल हरवली.

हिराबाई पेडणेकरांनी १९०४ मध्ये ‘जयद्रथ विडंबन’ आणि १९१२ मध्ये ‘संगीत दामिनी’ ही नाटके लिहिली. नाट्यसंगीताच्या त्या ऐन बहरात, पुरुष स्त्रीवेष घेऊन टाळ्या मिळवत असताना, एक बाई लेखणी हातात घेते ही केवढी गोष्ट! पण नायकिणीच्या घरात जन्मली म्हणून तिला प्रतिष्ठितांच्या पंगतीत जागा मिळाली नाही, आणि आज पुष्कळांना ती आठवते ती एका पुरुष नाटककाराच्या ‘कस्तुरीमृग’मधले पात्र म्हणून.

आणि लताबाई? १९६३ ते १९६९ या काळात ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’, ‘तांबडी माती’ या चित्रपटांना त्यांनी संगीत दिले ते ‘आनंदघन’ या नावाने. ‘साधी माणसं’च्या संगीताला राज्य पुरस्कारही मिळाला. कारण काहीही असो, देशातल्या सर्वात मोठ्या गायिकेचे रचनाकार म्हणून असलेले नाव पडद्याआड राहिले ही गोष्ट खरी. उलट प्रभा अत्रे यांनी शेवटपर्यंत स्वतः बांधलेल्या बंदिशी स्वतःच्या नावाने गायल्या, छापल्या. २०२४ मध्ये त्या गेल्या तेव्हाही वर्तमानपत्रांनी ‘ज्येष्ठ गायिका’ हाच शब्द आधी वापरला.

नावापलीकडेही एक प्रश्न आहे, तो जास्त महत्त्वाचा. गाण्यात बाईचे जगणे कोण सांगते? शूमानने लग्नाच्या वर्षी, १८४० मध्ये, ‘स्त्रीचे प्रेम आणि जीवन’ नावाची आठ गीतांची माळ रचली. कविता शामिसो नावाच्या कवीच्या. ती त्याला पाहते, अंगठी घालते, लग्न होते, मूल होते आणि शेवटच्या गीतात नवरा मरतो. तिथे तिचे जगही संपते. लिहिणारा पुरुष, चाल देणारा पुरुष, बाईने फक्त ‘मी’ म्हणून ते गायचे. आपल्या भावगीतांत हेच चालत आले. अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांचा मला अभिमान आहे. पण त्यांनी स्त्रीच्या तोंडी घातलेली गीते असोत की दुसऱ्या कोणाची, शब्दही त्याचा, चालही दुसऱ्या पुरुषाची, आणि गळा तेवढा तिचा.

भुलाबाईच्या गाण्यांत काय असते? मी ऐकलेल्या गाण्यांत नवऱ्याला फारशी जागाच नाही. त्यांत माहेरची वाट आहे, परवानगी द्यायला टाळाटाळ करणारी सासू आहे, न्यायला आलेला भाऊ आहे, कामाचा ढीग आहे, भूक आहे, चेष्टा आहे. बाईने स्वतः रचले की तिचे जग कसे दिसते ते इथे कळते. नवरा मेल्यावर संपणारे जग हे पुरुषाने रचलेले आहे.

इथे मला नेहमीचा आक्षेप ऐकू येतो. शेतकरी आत्महत्यांच्या या जिल्ह्यांत, जिथे विधवा बाई सातबाऱ्यावर नाव लावण्यासाठी तलाठ्याकडे खेटे घालते, तिथे चाल कोणाची हा प्रश्न चोचल्याचा नाही का? नाही. उलट त्याच बाईला विचारा. नवरा गेल्यावर कर्ज तिच्या डोक्यावर राहिले, शेतातले काम राहिले. पण घरातल्या लग्नात हळदीच्या वेळी तिला मागे सारले गेले. जिने सगळ्या वाड्याला हळदीची गाणी शिकवली, तिनेच आता तोंड मिटून कोपऱ्यात बसायचे. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, सरकारनेही इतर गावांना तसे आवाहन केले. त्या ठरावांत कुंकू आहे, बांगड्या आहेत. आपल्या गावी ठराव करताना त्यात गाणेही घाला: हळद लावणे आणि हळदीचे गाणे म्हणणे, दोन्ही तिचा हक्क.

दुसरा आक्षेप आपल्याच कार्यकर्त्यांचा. लोकगीत सामूहिक असते, त्यावर व्यक्तीचे नाव लावणे म्हणजे मालकी आणणे. जुन्या गाण्यावर खोटे नाव लावा असे मी म्हणत नाही. पण जी बाई आज जिवंत आहे, जिने चाल वळवली, जिने नवे कडवे जोडले, तिचे नाव लिहिल्याने सामूहिकता कशी मोडते? गी पॉटवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. म्हणणारीचे नाव आणि गाव लिहून. काम अवाढव्य, तरीही झाले.

आणि कायदा या बाबतीत आपल्या संगीत संस्थांच्या पुढे आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने संगीतकाराची व्याख्या घातली गेली. संगीत रचणारी व्यक्ती म्हणजे संगीतकार, मग तिने ते स्वरलिपीत लिहून ठेवलेले असो वा नसो. म्हणजे जिला अक्षरओळख नाही, सा-रे-ग-म माहीत नाही, पण जिने स्वतःची नवी चाल बांधली, ती बाई कायद्याने संगीतकार आहे. तिची चाल कोणी कॅसेटवर, चित्रपटात, मोबाइलवर विकली तर तिला विचारावे लागेल. हे आपल्या किती गटांना माहीत आहे?

म्हणून माझे मागणे सरळ आहे. प्रत्येक गटाने एक वही करावी. येत्या भुलाबाईत आणि बारशा-हळदीला गाणे, ते शिकवणारी बाई, तिचे माहेर आणि सासर लिहावे, आणि तिची परवानगी घेऊन चाल मोबाइलवर टिपून ठेवावी, शब्दांइतकीच काळजीने. मोर्च्याची गाणी छापताना चाल बसवणारीचे नाव छापावे. शिबिरात मुलींना फॅनीची, क्लाराची गोष्ट सांगावी आणि लगेच विचारावे की आता तुमची चाल कोणती? संगीत परीक्षांच्या अभ्यासक्रमात स्त्री-रचनाकार यावेत म्हणून संस्थांकडे, विद्यापीठाकडे लेखी मागणी करावी, एकदा नाही, दर वर्षी. आणि ज्या पत्रिकेवर अकरा पुरुष आणि समईजवळ मुली असतील, तिथे आपल्या मुलींनी स्वागतगीत म्हणायला जाऊ नये. आधी नाव, मग गाणे.